पावसाळी गटारांची खासगी देखभाल : एका पावसाळ्याचा अनुभव

गोव्यातल्या बार्देश तालुक्यातील आमच्या वाड्यावरच्या पावसाळी गटारांची देखभाल पंचायतीने गेल्या मे महिन्यात एका खासगी संस्थेकडे सोपवली. गटारे पंचायतीची, जाळ्या, माणसे आणि गाडी संस्थेची, आणि घरामागे थोडे वार्षिक शुल्क, अशी ही भागीदारी आहे. चवथीपर्यंतच्या अनुभवावरून मी तिला पाचपैकी तीन गुण देईन.

जाळीबद्दल तक्रार नाही. आमचे गटार खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या, कडेला जिथे उघडते तिथे, मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या दारांच्या) अलीकडे, लोखंडी जाळी बसवली असून मृगाच्या पहिल्याच सरीत तिच्यात दुधाच्या पिशव्या, थर्मोकोल, नारळाची सोडणे आणि कोणाची तरी एक चप्पल अडकलेली मी पाहिली. एरवी हे सगळे थेट खाडीत गेले असते.

अडचण वेळेची आहे. मानशीची दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात, म्हणून जाळी साफ करायची तर ओहोटीच साधावी लागते. संस्थेची गाडी मात्र दर मंगळवारी सकाळी दहाला येई, भरती असो वा नसो. दोनदा मुकादमाने पाण्याखाली गेलेल्या जाळीच्या जागेचा फोटो काढला, शेजारचा रहिवासी म्हणून माझी सही घेतली आणि गाडी परत नेली. मानशीवर आयुष्य काढलेल्या आमच्या वाड्यावरच्या काकांनी तिथी पाहून वर्षभराच्या वेळा सांगितल्या असत्या. त्यांना कोणी विचारलेच नाही.

उपसलेला गाळ काठावरच ठेवल्याने पुढच्या सरीत तो पुन्हा आत जातो, हे तर आपल्याकडे नेहमीचेच. गॅरेजपुढून वाहत येणारे तेलही जाळीने अडत नाही. त्यासाठी तेल वेगळे करणारी टाकी हवी, आणि ती करारात नाही.

करारात मोबदला फेऱ्यांवर ठरतो, हे मला मूळ दुखणे वाटते. अमेरिकेत मेरिलँडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटीने २०१५ मध्ये कॉर्व्हियास या कंपनीशी पावसाळी पाण्यासाठी ३० वर्षांची भागीदारी केली, तेव्हा कंपनीचे शुल्क कामगिरीच्या निकषांशी बांधले. आपल्याकडे एवढा मोठा व्यवहार नको. मात्र जाळी मोकळी दिसल्याशिवाय फेरी मोजायची नाही, एवढी अट तरी घालता येते.

नूतनीकरणाच्या संमतिपत्रावर मी सही केली आहे, सोबत काकांनी सांगितलेल्या ओहोटीच्या वेळांचा कागद जोडून.