कविता पाहायला लावणारा पणजीतला वाचनवर्ग

पणजीच्या मळा भागातील एका जुन्या घराच्या माडीवर शनिवारी संध्याकाळी आधुनिक प्रयोगशील साहित्याचा वाचनवर्ग भरतो. यंदाच्या पावसाळी सत्राला मी नाव नोंदवले होते. गोव्यात कवितेवरील व्याख्यानांना तोटा नाही. परंतु कवितेशेजारी चित्र ठेवून दोन्हींकडे सारख्याच बारकाईने पाहायला लावणारा वर्ग मला येथे प्रथमच मिळाला, आणि एवढ्या एका कारणासाठीही मी त्याची शिफारस करेन.

सत्राची मांडणी कालक्रमाने न करता आशयसूत्रांनुसार केलेली आहे: महानगर आणि यंत्र, दुभंगलेला 'मी', स्वप्न आणि नेणीव, पवित्र आणि ओंगळ यांची सरमिसळ. आरंभ मर्ढेकरांपासून होतो. पिंपातल्या उंदरांची कविता बहुतेकांनी कॉलेजात वाचलेली असते. वर्ग घेणाऱ्या बाईंनी मात्र ती मर्ढेकरांच्या लयविचाराशी जोडली आणि संवाद, विरोध व समतोल हे नियम सर्व ललित कलांना लागू करू पाहणारा हा कवी विसंगत प्रतिमा एकमेकींना कशा भिडवतो, हे ओळीओळीने दाखवले. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह आणि गोव्यातल्या साळगावात जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा चित्रकारांचा गट, दोन्ही १९४७ चे. ही सांगड नुसती तारखांची नाही, हे सोझांची विद्रूप, भेदक मुखे त्या कवितेशेजारी ठेवल्यावर पटते.

सर्वांत रंगली ती फ्रेंच कवी आपोलिनेरची संध्याकाळ. वस्तू भौमितिक आकारांत मोडून मांडणाऱ्या क्युबिस्ट चित्रकारांचा हा खंदा पाठीराखा. १९१८ च्या 'कॅलिग्राम' संग्रहातील त्याच्या पावसाच्या कवितेत अक्षरे तिरक्या रेघांनी वरून खाली ओघळतात. बाईंनी आम्हाला एक मराठी ओळ तशीच उभी लिहायला सांगितली. रोमन अक्षरे मुळात सुटी असतात; देवनागरी शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो, त्यामुळे ओळ उभी करताच ती रेघ तुटते आणि प्रत्येक अक्षर आपल्यापुरता तुकडा डोक्यावर घेऊन एकटे पडते. पाऊस उतरतो, पण शब्द फुटतो. फ्रेंच प्रयोग जसाच्या तसा मराठीत आणता येत नाही, हे कोणत्याही विवेचनाहून त्या कागदाने अधिक स्पष्ट केले. त्यानंतर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि जाहिरातक्षेत्रात वावरलेल्या अरुण कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी' या कवितासंग्रहाचे (१९७६) एक पान समोर आले. तेथे शब्द वरखाली विखरून शेतात नाचणारी कोंबडी-कोंबडे उभे केले आहेत. ते पान आधी दुरून, न वाचता, पाहायला लावणे ही फार समंजस युक्ती होती.

दादा या बंडखोर कलाचळवळीतील कवी त्रिस्तान त्साराने कविता करण्यासाठी सांगितलेल्या कृतीप्रमाणे वर्तमानपत्रातील शब्द कापून पिशवीतून काढण्याचा खेळही झाला. मराठी शब्द विभक्तीसकट कापला जात असल्यामुळे क्रम पार बिघडूनही वाक्याचा धागा थोडाफार शिल्लक राहतो, याची तेथे प्रचीती आली. लघुअनियतकालिकांची, म्हणजे प्रस्थापित मासिकांबाहेर छोट्या, अनियमित अंकांतून चाललेली मराठी चळवळ मात्र अगदीच घाईत उरकली गेली. शिवाय चित्रांच्या काळ्यापांढऱ्या झेरॉक्स प्रती वाटल्या जातात, ते अजिबात चालण्यासारखे नाही. जेथे रंगाबद्दलच बोलायचे आहे तेथे निदान पडद्यावर तरी रंगीत चित्र दाखवायला हवे.

माझी खरी तक्रार पोर्तुगीज आधुनिकतेच्या अनुपस्थितीबद्दल आहे. लिस्बनहून १९१५ मध्ये निघालेल्या 'ओर्फेउ' या नियतकालिकाचे दोनच अंक प्रसिद्ध झाले, पण दुसऱ्या अंकात सांता-रिता या चित्रकाराची चित्रे होती आणि त्या मंडळींतील अल्मादा नेग्रेइरोश स्वतः कवीही होते, चित्रकारही. त्यांच्यातलेच कवी फेर्नांदो पेसोआ यांनी तर वेगवेगळी चरित्रे आणि शैली असलेले कवी कल्पून त्यांच्या नावांनी कविता लिहिल्या; दुभंगलेल्या 'मी'साठी याहून समर्पक उदाहरण कोणते? पोर्तुगीज वाचणारी वडीलधारी माणसे अजूनही पणजीत आहेत. त्यांच्यापैकी कोणाला बोलावून मूळ कविता ऐकवता आली असती, आणि असा वर्ग गोव्यात भरवण्याचे चीज झाले असते. मी हे संयोजकांना लेखी कळवले आहे.

पुढचे सत्र चवथीनंतर सुरू होणार आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी त्याचा जरूर लाभ घ्यावा. माडीवर जागा थोडी असल्यामुळे नाव आधी नोंदवावे, आणि फोंड्याकडे परतणाऱ्यांनी बसची वेळ पाहून ठेवावी, कारण चर्चा रंगली की वर्ग ठरल्या वेळी सुटत नाही.