युनिफडेफ : मोडेमचा सोर्स कोड ग्राहकाला देण्याआधी

आमच्या एनबी-आयओटी (कमी विजेवर चालणाऱ्या उपकरणांसाठीचं मोबाइल नेटवर्क) मोडेमच्या फर्मवेअरमध्ये एकाच फाइलमध्ये दोन प्रकारचा कोड असतो: ग्राहकाला द्यायचा एटी कमांडचा (मोडेमला द्यायच्या मजकुरी आज्ञांचा) भाग आणि बाहेर अजिबात जाऊ नये असं आरएफ कॅलिब्रेशन (रेडिओ भागाची जुळणी). मध्ये फक्त इफडेफच्या, म्हणजे ‘हे चिन्ह ठरवलेलं असेल तरच हा भाग घ्या’ अशा अटींच्या खुणा. त्या खुणांवरून नेमका कोड वेगळा काढणाऱ्या बिल्ड स्क्रिप्टसाठी मला युनिफडेफ या कमांड-लाइन साधनाइतकं भरवशाचं काही मिळालं नाही.

सी प्रीप्रोसेसर (कंपाइल करण्याआधी कोडवर चालणारा टप्पा) वापरला तर हेडर उलगडतात, मॅक्रो पसरतात, कॉमेंट उडतात. ग्राहकाच्या हाती वाचता न येणारा गाळ पडतो. युनिफडेफ ‘-डी’ (ठरवलेलं) आणि ‘-यू’ (न ठरवलेलं) या पर्यायांनी सांगितलेल्या चिन्हांच्याच अटी सोडवतं आणि बाकी ओळी जशाच्या तशा ठेवतं. लिनक्स कर्नलही आपल्या हेडर फाइलींतला अंतर्गत भाग याच साधनाने काढतो. मला सगळ्यात आवडतो तो ‘-बी’ पर्याय: काढलेल्या ओळींच्या जागी रिकाम्या ओळी राहतात, त्यामुळे ग्राहकाने कळवलेला ओळ क्रमांक आमच्या मूळ फाइलशी तंतोतंत जुळतो. सपोर्टचं निम्मं डोकं तिथेच शांत होतं!

एक गोष्ट मात्र खटकते. फाइलमध्ये बदल झाला की एक्झिट कोड (प्रोग्रामने शेवटी परत दिलेला आकडा) 1 येतो आणि मेक, म्हणजे बिल्ड चालवणारं साधन, त्याला चूक समजून तिथेच थांबतं. ‘-एक्स 2’ दिलं की यश म्हणजे 0. आणि फाइलमधले डिफाइन (चिन्ह ठरवणाऱ्या ओळी) युनिफडेफ स्वतःहून मानत नाही, म्हणून चिन्हांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ‘-एफ’ने द्या. बाहेर आलेल्या कोडमध्ये गुप्त चिन्हांसाठी एक ग्रेप (मजकूर शोध) हवाच. तो आमच्या स्क्रिप्टमध्ये कायम असतो.