घरात मस्त, उन्हात बेकार: पुढच्या टॅबमध्ये एवढं तरी द्या
८ इंची टॅब घेतलाय, घरात मस्त चालतो, बॅटरी दिवसभर पुरते, आवाज खणखणीत. पण दुपारी संभाजी बागेत बाकावर बसून उघडला की ब्राइटनेस फुल करूनही अक्षरांऐवजी झाडाच्या फांद्या नि आपलाच चेहरा दिसतो, पीडीएफ वाचायची तर सावली शोधत फिरा. अहो २००७ च्या नोकिया एन८१० या खिशात मावणाऱ्या इंटरनेट टॅबला उन्हात वाचता येणारा स्क्रीन होता, जीपीएस होतं, सरकवून बाहेर येणारा कीबोर्ड होता, आणि बॅटरी झाकण काढून हाताने बदलता यायची! माझ्या टॅबला सिमचा स्लॉटच नाही, त्यामुळे स्वारगेटवरून बस पकडली की सगळं फोनच्या हॉटस्पॉटवर, मग फोनची बॅटरी बसते. पुढच्या मॉडेलला कमी चकाकणारा स्क्रीन, सिम आणि बदलता येणारी बॅटरी हवीच हवी. युरोपात जून २०२५ पासून टॅबलेटना पण सुटे भाग नि निदान ५ वर्षं अपडेट द्यायचा नियम लागू झालाय, मग आपल्याकडच्या गिऱ्हाईकाला का नको? स्क्रीनवरचा कीबोर्ड डावा-उजवा असा दोन भागात विभागून अंगठ्यांनी मराठी टाइप करता आलं तर फारच भारी. आत्ता घ्यायचा तर घरात वापरायलाच घ्या.