वर्षाला तीस हजार किलोमीटर: पेट्रोल, सीएनजी, हायब्रिड, डिझेल की विद्युत?

ज्यांची गाडी वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालते, त्यांनी इंधनाचा फार विचार न करता आवडेल ती गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र औषध कंपनीचा प्रतिनिधी, विमा सर्वेक्षक, यंत्रदुरुस्तीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरणारा अभियंता किंवा पुण्यात राहून नाशिक, सोलापूर, कोल्हापूर असा आठवडा काढणारा व्यावसायिक यांचे रनिंग वर्षाला तीस हजार किलोमीटरच्या पुढे सहज जाते. पाच वर्षांत दीड लाख किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोल गाडीचा इंधनखर्च तिच्या खरेदीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होतो, आणि म्हणून अशा ग्राहकाने गाडीची निवड आधी कागदावर करावी आणि मगच शोरूमची पायरी चढावी.

ॲव्हरेजचा आकडा वाचण्याची आपली सवय येथे अडचणीची ठरते. प्रतिलिटर १२ किलोमीटर देणारी गाडी सोडून १५ देणारी घेतली, तर दहा हजार किलोमीटरमागे सुमारे १६७ लिटर इंधन वाचते. पण २० देणारी सोडून २५ देणारी घेतली, तर फरक पाच किलोमीटरचा दिसत असूनही बचत केवळ १०० लिटरची होते. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या संशोधकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच दृष्टिभ्रम दाखवून दिला होता. युरोपात शंभर किलोमीटरमागे किती लिटर लागतात, असा आकडा दिला जातो. जास्त रनिंग असणाऱ्याने आपला हिशेबही त्याच पद्धतीने, किंवा त्याहून सोपे म्हणजे किलोमीटरमागे किती रुपये पडतात या पद्धतीने करावा.

दुसरी गोष्ट प्रमाणित आकड्याची. आपल्याकडे जाहिरातीत येणारे ॲव्हरेज प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, वातानुकूलन बंद ठेवून मोजलेले असते, आणि त्या चाचणीतील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात वेगमर्यादा १०० ची आहे आणि समृद्धी महामार्गावर १२० ची. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे ८० च्या वेगाने जाताना जितका अवरोध असतो, त्याच्या सव्वादोन पट तो १२० च्या वेगाला होतो. उंच, चौकोनी बांध्याच्या एसयूव्हीला याचा फटका सेदानपेक्षा अधिक बसतो, आणि ज्याचा बहुतांश प्रवास समृद्धीवरून आहे, त्याने गाडीचा आकार हा इंधनाच्या प्रकाराइतकाच महत्त्वाचा धरावा. प्रमाणित आकड्यातून एक पंचमांश वजा करून हिशेब मांडावा, म्हणजे नंतर निराशा होत नाही. खालील आकडे त्याच अंदाजाने, काही ठिकाणी महामार्गाचा विचार करून पूर्णांकात घेतले आहेत.

तुलना न्याय्य व्हावी यासाठी शक्यतो एकाच गाडीचे प्रकार समोर ठेवू. मारुती ग्रँड विटाराची पेट्रोल मॅन्युअल गाडी प्रमाणपत्रानुसार लिटरला २१.११ किलोमीटर देते, सीएनजी गाडी किलोला २६.६, तर स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबर विद्युत मोटरही गाडी ओढते अशी) लिटरला २७.९७. जवळपास त्याच आकाराच्या ह्युंदाई क्रेटाची डिझेल मॅन्युअल गाडी लिटरला २१.८ किलोमीटर देते. क्रेटाच्या विद्युत आवृत्तीला ५१.४ किलोवॉट-तासांच्या, म्हणजे तितक्याच युनिटांच्या, बॅटरीवर सुरुवातीला ४७३ किलोमीटरचा प्रमाणित पल्ला मिळाला होता, म्हणजे युनिटला नऊ किलोमीटरहून थोडा अधिक. परंतु महामार्गाचा वेग आणि चार्जिंगमधील गळती धरता युनिटला सहा किलोमीटर हा आकडा धरणे शहाणपणाचे आहे.

दर गावागावांत वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून येथे केवळ हिशेबापुरते पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१ रुपये, सीएनजी किलोला ९० रुपये, घरची वीज युनिटला १० रुपये आणि महामार्गावरील जलद चार्जिंग २२ रुपये धरले आहे. वाचकांनी आपल्या पंपावरचे आणि वीजबिलावरचे दर घालून हाच हिशेब पुन्हा करावा. पेट्रोल गाडी प्रत्यक्षात लिटरला १७ किलोमीटर देते असे मानले, तर किलोमीटरला ६.१२ रुपये पडतात. डिझेलला महामार्गावर १८ धरल्यास ५.०६, हायब्रिडला २२ धरल्यास ४.७३, सीएनजीला किलोमागे २१ धरल्यास ४.२९ रुपये होतात. विद्युत गाडी घरी चार्ज केली तर १.६७ रुपये आणि कायम बाहेरच चार्ज केली तर ३.६७ रुपये.

या आकड्यांपाशीच थांबणारे लोक पुष्कळ आहेत. खरा प्रश्न असा आहे की ही बचत मिळवण्यासाठी खरेदीच्या वेळी किती जास्त पैसे मोजावे लागतात आणि ते किती किलोमीटरनंतर वसूल होतात. सीएनजीसाठी पेट्रोलपेक्षा ९५ हजार रुपये अधिक लागतात असे समजू, किलोमीटरमागे १.८३ रुपये वाचत असल्याने ते सुमारे ५२ हजार किलोमीटरमध्ये, म्हणजे वर्षाला तीस हजारांच्या रनिंगने पावणेदोन वर्षांत वसूल होतात. डिझेलसाठी दीड लाख अधिक मोजल्यास वसुलीला १ लाख ४१ हजार किलोमीटर लागतात. हायब्रिडसाठी दोन लाख अधिक धरल्यास १ लाख ४४ हजार. विद्युत गाडीला पाच लाख अधिक पडतात असे मानले, तर घरी चार्ज करणाऱ्याची वसुली १ लाख १२ हजार किलोमीटरच्या आसपास होते आणि बाहेर चार्ज करणाऱ्याची २ लाख ४ हजारांवर जाते. फरकाचा आकडा मात्र कोटेशनमधील ऑन-रोड (कर, विमा, नोंदणीसह) किमतीवरूनच काढावा, कारण महाराष्ट्रात डिझेल गाडीवरील वाहन कर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी अधिक आहे, सीएनजीवर पेट्रोलपेक्षा कमी आहे आणि विद्युत गाड्यांना त्यात सूट आहे. केवळ एक्स-शोरूम किमतींची तुलना केली, तर डिझेल आहे त्याहून स्वस्त आणि विद्युत आहे त्याहून महाग वाटते.

हिशेबात सीएनजी सरस ठरते आणि पुणे, मुंबई, नाशिक या पट्ट्यात फिरणाऱ्या बहुतेकांना मी तीच सुचवेन, पण तिच्या मर्यादा नीट समजून घेतल्यानंतरच. टाकीत सुमारे आठ किलो वायू मावतो, म्हणजे पल्ला १७० किलोमीटरच्या घरात राहतो. पुण्याहून कोल्हापूर गाठताना एकदा तरी पंपावर थांबावे लागते, आणि सायंकाळच्या रांगेत अर्धा-पाऊण तास जात असेल, तर त्या वेळेची किंमत ज्याची त्याने हिशेबात धरावी. घाटात इंजिनाची ताकद पेट्रोलच्या तुलनेत कमी पडल्याचे जाणवते. चार माणसे आणि सामान घेऊन खंबाटकी चढणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. डिकीचा मोठा भाग सिलिंडर व्यापतो, आणि ज्याच्या डिकीत रोज नमुन्यांच्या पेट्या असतात त्याच्यासाठी ही बाब निर्णायक ठरू शकते. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझपासून एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर तळाशी बसवून यावर चांगला तोडगा काढला आहे. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते. मराठवाडा आणि विदर्भातील आतल्या रस्त्यांवर ज्यांचे काम आहे, त्यांनी आपल्या नेहमीच्या मार्गावरचे पंप आधी मोजावेत, कारण गाडी पेट्रोलवर पळू लागली की सारे गणित उलटते.

हायब्रिडच्या बाबतीत गाडी कोठे चालते याला सर्वाधिक महत्त्व आहे. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवायची आणि कमी वेगाला इंजिन बंद ठेवून ती वापरायची, हे तिचे तंत्र असल्यामुळे हिंजवडी, चाकण किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत ती पेट्रोलला खूप मागे टाकते, तर समृद्धीवर एकसारख्या वेगाने जाताना तिचा फायदा बराच आटतो. तिची बॅटरी लहान, पाऊण किलोवॉट-तासाच्या आसपास असते. खंडाळ्याचा घाट पुरता उतरण्याआधीच ती भरते आणि पुढच्या उताराची ऊर्जा साठवायला जागा उरत नाही. विद्युत गाडीला ही अडचण नाही. हायब्रिडच्या बाजूने एक मुद्दा न्यायाने नोंदवला पाहिजे: ती ऑटोमॅटिक असते, म्हणून ज्याला ऑटोमॅटिकच हवी आहे, त्याने किमतीतील फरक पेट्रोल ऑटोमॅटिकशी लावून पाहावा, तो दोन लाखांहून कमी भरतो आणि वसुली लवकर होते. ‘स्मार्ट हायब्रिड’ अशी पाटी असलेली गाडी मात्र या वर्गातली नव्हे. तिच्यात मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते आणि एकटी गाडी ओढू शकत नाही.

पेट्रोल आणि हायब्रिड या दोघांच्याही हिशेबात आता इथेनॉल धरावे लागते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्या मिश्रणासाठी जुळवलेल्या नव्या इंजिनात ॲव्हरेजमधील घट थोडी असते, जुन्या गाडीत ती अधिक जाणवते. त्यामुळे जुनी पेट्रोल गाडी घेऊन जास्त रनिंग करण्याचा बेत असेल, तर विक्रेत्याने सांगितलेल्या पूर्वीच्या ॲव्हरेजवर विसंबू नये.

डिझेलला लोक मोडीत काढू लागले आहेत, ते मला अजून मान्य नाही. रोज शंभर-दीडशे किलोमीटर, भरलेल्या गाडीने, महामार्गावर आणि घाटात जाणाऱ्याला इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारी ताकद आणि एका टाकीत आठ-नऊशे किलोमीटरचा पल्ला हे दोन्ही एकत्र अन्य कोणी देत नाही. शिवाय एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांमुळे डिझेल गाडीत बसलेली काजळीची गाळणी तप्त धुरानेच साफ होते, त्यामुळे लांबच्या प्रवासाने तिची प्रकृती चांगली राहते आणि शहरातल्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी ती तुंबते. ज्याचा निम्मा प्रवास शहरात आहे, त्याने डिझेल घेऊच नये.

विद्युत गाडीचा सारा निर्णय रात्री ती कोठे उभी राहते यावर अवलंबून आहे. स्वतःच्या वाहनतळावर चार्जर बसवता येत असेल आणि दिवसाचा फेरा अडीचशे किलोमीटरच्या आत संपत असेल, तर किलोमीटरच्या खर्चात तिच्या जवळपासही कोणी येत नाही. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर टोलमाफी दिलेली आहे. द्रुतगती मार्गावर मोटारीला एकेरी प्रवासाचा टोल २०२३ च्या दराने ३२० रुपये धरला, तर आठवड्यातून दोनदा मुंबईला जाऊन येणाऱ्याची वर्षाकाठी साठ हजारांहून अधिक रक्कम केवळ येथेच वाचते. गृहनिर्माण संस्था चार्जर बसवू देत नसेल, तर मात्र गाडी घेण्याआधी ती परवानगी लेखी मिळवावी आणि तोवर सीएनजी किंवा हायब्रिडचाच विचार करावा.

जास्त रनिंग असणाऱ्याने हमीपत्रातील वर्षे सोडून किलोमीटर वाचावेत. हायब्रिड आणि विद्युत गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर, अशी हमी अनेक कंपन्या देतात. वर्षाला तीस हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीची ही हमी साडेपाच वर्षांच्या आतच संपते आणि चाळीस हजार चालणाऱ्याची चारच वर्षांत. काही कंपन्या विद्युत गाडीच्या बॅटरीला पहिल्या खासगी मालकासाठी आजीवन हमी देतात, पण गाडी विकली की नव्या मालकाला ती त्याच अटींवर मिळत नाही आणि व्यावसायिक नोंदणीचे नियम निराळे असतात. त्यामुळे गाडी दीड लाख किलोमीटरला विकणार की तीन लाखांपर्यंत ठेवणार, हे आधी ठरवून मगच हमीची अट आणि पुनर्विक्रीची किंमत विक्रेत्याकडून लेखी तपशिलासह समजून घ्यावी.