४०४७ सांगून झिंकचा रॉड गळ्यात मारला, एसीवाल्यांनो बघून घ्या

वसईत एसी रिपेअरिंग करतो. आता बऱ्याच एसींना अल्युमिनियमची कॉइल येते त्यामुळे पाइप जोडायला वितळवायचा ब्रेझिंग रॉड सारखा लागतो. एका नवीन दुकानातून ४०४७ ग्रेडचा, म्हणजे १२ टक्के सिलिकॉनवाला अल्युमिनियमचा, साधा रॉड घेतला, भाव पण ४०४७ चाच लावला त्याने.

कामाला बसलो तर रॉडची नुसती गोळी होऊन घरंगळतेय, जॉइंटला धरतच नाही. माझा फ्लक्स, म्हणजे रॉड धरावा म्हणून जॉइंटवरचा ऑक्साइड काढणारी पावडर, फ्लोराइडचा, तो ५६५ ते ५७२ डिग्रीला पाण्यासारखा होतो आणि मागोमाग ५७७ ते ५८२ ला रॉड वितळून पळतो, हा क्रम ठरलेला. इथे फ्लक्स अजून पांढरा कोरडा आणि रॉड आधीच वितळून खाली! दुकानदार म्हणे, शेठ तुमचा फ्लक्स शिळा झालाय, ही इम्पोर्टेड पावडर न्या. बिनलेबलची बरणी. वर काउंटरवर जेट लायटरने रॉड वितळवून दाखवला, बघा किती मऊ चालतो म्हणून. अरे, ४०४७ असा लायटरवर वितळायला लागला तर झालंच.

पावडरने जॉइंट झाले मात्र झकास, नायट्रोजनचं प्रेशर धरलं, गॅस भरला, कस्टमर खूश. मग पाऊस लागला आणि फोन सुरू, कूलिंग नाही. उघडलं तर जॉइंटला चिकट ओल, पांढरी भुकटी आणि खाली बारीक भोकं. पावडर क्लोराइडची होती, ती हवेतलं पाणी ओढते आणि मेटल खाते, काम झाल्यावर गरम पाण्याने घासून धुवावीच लागते, पण पाइपच्या आत गेलेली कशी धुणार? त्यात आमच्याकडची खारी हवा, आणि झिंक अल्युमिनियमच्या आधी गंजतं. गॅस, कॉइल, सगळा भुर्दंड माझ्यावर.

मग सोनाराच्या काट्यावर रॉड ठेवला. २ मिमी जाड, अर्धा मीटर लांब ४०४७ साधारण ४ ग्रॅम भरतो, हा ११ च्या आसपास. झिंकच, म्हणून तर फ्लक्सच्या आधीच वितळत होता. हातात घेऊनही फरक कळतो, आधीचा एखादा रॉड शेजारी हवा फक्त.

दुकानदाराकडे गेलो तर म्हणतो बिलावर "अल्युमिनियम ब्रेझिंग रॉड" लिहिलंय, ४०४७ कुठे लिहिलंय? तेव्हा बिलावर ग्रेड लिहूनच घ्या, ४०४७ किंवा बीएएलएसआय-४, दोन्ही एकच. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

झिंक-अल्युमिनियम रॉड वाईट असतो असं नाही हां. तांबं-अल्युमिनियमच्या जॉइंटला तर तोच लागतो, कारण ते दोन्ही एकत्र ५४८ डिग्रीलाच वितळायला लागतात, तिथे ४०४७ लावायला गेलात तर पाइपच वितळून बसेल. पण मग आत सीझियम फ्लक्स (कमी तापमानाला वितळणारा) भरलेला रॉड मागा, सुटी पावडर घेऊ नका. माझे पैसे काही परत मिळाले नाहीत, आणि ती बरणी त्याच्या काउंटरवर अजून विकायलाच आहे.