आईचे २८ सांधे आणि उणे ८० अंशांचा फ्रीजर : सोलापुरातील एका संधिवात संशोधन विभागाचा अनुभव

आमवातावरील एका औषधाच्या चाचणीसाठी माझी आई गेले वर्षभर सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या संशोधन विभागात जाते आहे. चाचणी अद्याप चालू आहे आणि पुढे एक तक्रारही मांडायची आहे, म्हणून रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. विभाग चालवणाऱ्या डॉक्टर बाईंची निम्मी कारकीर्द औषधांच्या चाचण्यांत आणि निम्मी रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपण्यात गेली आहे; येथील सेवेचे गुण आणि दोष, दोन्ही तिथूनच आलेले आहेत, असे माझे मत झाले आहे.

गुण आधी सांगतो. पहिल्या दिवशी सुईच टोचली नाही. दीड तास केवळ संमतीपत्र समजावण्यात गेला. त्यातील ‘यादृच्छिकीकरण’ हा शब्द मलाही दोनदा वाचावा लागला. कोणाला कोणती गोळी मिळणार हे ‘चिठ्ठी टाकून ठरवल्यासारखं’, असा समन्वयक मुलीने तो सोपा करून सांगितला. शेजारच्या बाकावर विडी वळणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना तिने तेच सगळे तेलुगूत सांगितले आणि मग ‘आता तुम्हाला काय कळलं ते मला सांगा’ म्हणून उलट विचारले. कागदावर चाचणीचा नोंदणी क्रमांक होता, तो मी घरी येऊन औषधचाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत (सीटीआरआय) पडताळून पाहिला. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ही नोंदणी व्हावी लागते, त्यामुळे हा क्रमांक नसेल तर तेथूनच परत फिरावे.

मिळणारी गोळी खरी की नुसती तशी दिसणारी, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरांनाही. हे ऐकून आई म्हणाली, “मग तुमाला तरी काय ठाव हाय?” डॉक्टर बाई मोकळेपणाने हसल्या आणि आमवाताचे आधीचे औषध, मेथोट्रेक्सेट, चालूच राहील, एवढे नक्की ठाऊक असल्याचे त्यांनी सांगितले. ते औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते, म्हणून त्या मुलीने पाकिटावर जाड पेनाने ‘मंगळवार’ असे लिहून दिले. आमच्या आधीच्या कोणत्याही दवाखान्यात एवढी काळजी कोणी घेतली नव्हती.

प्रत्येक भेटीत बाई २८ सांधे अंगठ्याने दाबून मोजतात : खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे आणि उरलेले २० हातांच्या बोटांचे. आईचे खरे दुखणे घोट्यात आहे आणि घोटा या मोजणीत येतच नाही. “जिथं दुखतंय तिथं दाबा की,” असे तिने सुनावल्यावर बाईंनी घोटाही तपासला, त्याची वेगळी नोंद केली. परंतु सगळीकडे एकाच मापाने मोजले तरच तुलना होते, म्हणून तो आकड्यात धरता येणार नाही, हेही स्पष्ट केले. बोलता बोलता भिगवणचा विषय निघाला. आपल्याच पुणे मार्गावरील या गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघरी सांधेदुखीची पाहणी सुरू केली होती. ते काम वाचूनच आपण या वाटेला लागलो, असे बाई म्हणाल्या.

रुग्णांच्या रक्ताचे नमुने संशोधनासाठी जपून ठेवण्याची बायोबँकही याच विभागात आहे. बायोबँक म्हणजे रक्तपेढी नव्हे. हे रक्त कोणाला चढवत नाहीत. सेंट्रिफ्यूज या यंत्रात वेगाने फिरवून, त्यातील घटक वेगळे करून, नावाऐवजी बारकोड लावून उणे ८० अंशांवर ठेवतात. बाहेर मे महिन्याचे ऊन आणि आत फ्रीजरच्या दारावर दिवसातून दोनदा तापमान लिहिलेली वही, हे मी स्वतः पाहिले. जनरेटर आहे का, हेही विचारून घेतले. नमुन्याच्या प्रत्येक वापरासाठी संमतीची खूण वेगळी करायची होती. भविष्यातील संधिवात संशोधनाला आईने होकार दिला, जनुकीय तपासणीला नकार, आणि कोणाच्या कपाळावर आठी पडली नाही. नमुना नष्ट करून मागता येतो, मात्र त्यावरून आधीच निघालेले निष्कर्ष परत घेता येत नाहीत, हे लपवले नाही. या बँकेतील ठेवीचा ठेवीदाराला काहीही लाभ नाही, हेही लपवले नाही.

आता तक्रार. दोनदा आम्ही मोहोळहून सकाळच्या एसटीने गेलो आणि बाई परिषदेला गेल्याचे तेथे पोहोचल्यावर कळले. एक फोन करणे कोणालाही जमले नाही. प्रवासखर्च दोन महिन्यांनी मिळाला. नमुन्यांची वही इतकी चोख ठेवणाऱ्यांना रुग्णाच्या तारखा सांभाळता येऊ नयेत, याचे नवल वाटते.

ज्याला ठरलेल्या दिवशी रजा काढून जाता येते आणि घरचे कोणी सोबत येऊ शकते, त्याने अवश्य जावे. फुकट औषधाच्या आशेने मात्र जाऊ नये. जाताना जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटे न्यावीत, रिकामीसुद्धा. ती मोजून परत घेतात.