अंगणातली पाण्याची घसरगुंडी: शेततळ्याचा कागद, तयार घसरगुंडी, हवेची की लोखंडी सांगाडा?

परीक्षा संपल्या की आमच्या नाशिकमधल्या मखमलाबादच्या घरी घसरगुंडीचा हट्ट सुरू होतो. रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, मोठी माणसं धप्पा मारताना मुलांनी पाहिलेली असतात, अंगावर रंगीत पाणी उडालेलं असतं, आणि मग पुढचे दोन महिने त्यांना पाण्याशिवाय काही सुचत नाही. गेल्या चार उन्हाळ्यांत आम्ही चार प्रकार जवळून पाहिले. शेततळ्याला अस्तर म्हणून घालतात त्या जाड प्लास्टिकच्या कागदाची जमिनीवर अंथरलेली पट्टी आणि टबात उतरणारी प्लास्टिकची तयार घसरगुंडी आमच्याच घरी होत्या. हवेने फुगवायची एकदा भाड्याने आणली आणि लोखंडी सांगाड्याची शेजाऱ्यांनी बांधून घेतली. या उन्हाळ्यात तुमच्याही घरी हाच प्रश्न असेल तर काय घ्यायचं, काय टाळायचं हे सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. अंगण सलग दहा मीटर असेल आणि मुलं पाच वर्षांच्या पुढची असतील तर जमिनीवरच्या पट्टीसारखं दुसरं काही नाही. मुलं त्याहून लहान असतील तर तयार घसरगुंडी, पण तिच्याखाली टब नको. बाकी दोन प्रकारांचा विचार त्यानंतर करा.

दुकानात गेलं की आपण पहिला प्रश्न उंचीचा विचारतो. मूल खाली आल्यावर कुठे थांबणार, हे कोणी विचारत नाही. मी सगळी तुलना याच प्रश्नावर करते, कारण आम्ही पाहिलेल्या जवळपास सगळ्या जखमा शेवटच्या दोन हात अंतरात झाल्या. हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. घर्षण धरलं नाही तर एक मीटर उंचीवरून खाली येणाऱ्या मुलाचा वेग ताशी 16 किलोमीटर होतो आणि अर्ध्या मीटरवरून ताशी 11. प्रत्यक्षात थोडा कमी भरतो. पण थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. म्हणजे उंची दुप्पट केली की सपाटीवर थांबायचं अंतरही दुप्पट लागतं. आधी अंगणात थांबायची जागा मोजा, उंची त्यावरून ठरेल.

जमिनीवरची पट्टी

ही कल्पना आपल्याला घरगुती वाटते, पण तिचा बाजारातला जन्म अमेरिकेतला आहे. 1960 मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट कॅरियर या आसनांचं कापडकाम करणाऱ्या माणसाने आपला मुलगा घरासमोरच्या ओल्या, रंगवलेल्या सिमेंटवर घसरताना पाहिला. अंग सोलवटेल या धास्तीने त्याने रेक्झिनसारख्या कापडाची लांब पट्टी आणली आणि तिच्या कडेने पाणी झिरपणारी नळी शिवली. पुढच्या वर्षी व्हॅम-ओ कंपनीने ती ‘स्लिप अँड स्लाइड’ म्हणून विकायला काढली.

आमच्याकडे रेक्झिनची जागा शेततळ्याच्या कागदाने घेतली. माझा भाऊ दिंडोरीकडे द्राक्षं करतो. त्याच्या तळ्याला अस्तर घातल्यावर 500 मायक्रॉनचा एक तुकडा उरला होता, दीड मीटर रुंद आणि नऊ मीटर लांब. नाशिक जिल्ह्यात असा तुकडा ओळखीत कोणाकडे तरी सापडतोच. साधी निळी ताडपत्री आम्ही त्याआधी वापरली होती. पंधरा दिवसांत तिचा वरचा थर सोलून निघाला, आतली वीण उघडी पडली आणि ती मांडीला कचकचायला लागली. शेततळ्याच्या कागदाला तीन उन्हाळे झाले, त्याला ओरखड्यापलीकडे काही झालेलं नाही. मात्र जिथे दोन पन्हे वितळवून जोडलेले असतात त्या सांध्याची कड बोटाने चाचपून पाहा. आमच्या तुकड्यात एका जागी दाभणाच्या टोकासारखा कंगोरा होता. पहिल्याच दिवशी भाचीच्या पोटरीवर लालभडक रेघ उमटली. तो भाग आम्ही कापूनच टाकला. सांधा नसलेला तुकडा मिळाला तर उत्तम, नाहीतर सांधा लांबीच्या दिशेने आणि एका कडेला येईल असा अंथरा.

खालची जमीन महत्त्वाची. आपली काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि दुसऱ्या दिवशी भेगाळून कडक ढेकळं वर येतात. त्या ढेकळांवर कागद टाकला तर प्रत्येक ढेकूळ पाठीला कळतं. आम्ही चार बोटं बारीक मुरूम पसरला, पाणी मारून धुमसला आणि त्यावर जुन्या गोधड्या घातल्या. डोक्याकडे मुरुमाचाच अर्धा मीटर उंच ढीग केला आणि तो दोन मीटरांत उतरवला. ही उंची किरकोळ वाटते, पण पट्टी सुरक्षित झाली ती याच ढिगामुळे. सपाट पट्टीवर घसरायचं तर मुलांना धावत येऊन अंग टाकावं लागतं. ओल्या कागदावर धावणं म्हणजे डोकं मागे आपटण्याची तयारी. ढीग असला की मूल वर बसतं, हातांनी स्वतःला ढकलतं आणि निघतं. आमची मुलं ढिगाच्या पायथ्यापासून साधारण साडेतीन मीटरवर थांबतात, सपाट भाग सातचा आहे. तुमच्याकडे मुलांना बसवण्याआधी जुन्या पँटीत गव्हाचं दहा-पंधरा किलोचं पोतं बांधून सोडा. ते जिथे थांबेल तेवढीच जागा त्याच्याही पुढे मोकळी हवी.

ओलेपणासाठी ठिबकची 16 मिलिमीटरची नळी घेतली. तिला वीतभर अंतरावर बारीक भोकं पाडली, टोकाला एंड कॅप लावली आणि ती पट्टीच्या कडेबाहेर मुरुमात अर्धी पुरली, म्हणजे पायात येत नाही. भोकं शेवटच्या दोन मीटरांत पाडलेली नाहीत. तिथे पाण्याचा थर आपोआप विरळ होत जातो, कागद अंगाला धरायला लागतो आणि एखादं मूल तिथवर आलंच तर हळूहळू थांबतं. अनेक जण शेवटाला वाळूची पोती किंवा गादी आडवी लावतात. तसं करू नका. एकदम थांबणंच घात करतं.

हीच गोष्ट मोठ्यांना जास्त लागू आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 1993 मध्ये त्या मूळ खेळण्याबद्दल इशारा दिला होता. 1973 ते 1991 या काळात सात प्रौढ आणि एक 13 वर्षांचा मुलगा यांना मानेच्या गंभीर दुखापती झाल्या होत्या, काहींना कायमचं लुळेपण. मोठ्या माणसाने पोटावर सूर मारला की त्याच्या वजनामुळे आणि उंचीमुळे तो मध्येच अडकतो आणि सगळा भार मानेवर येतो. तेव्हा मामाने, काकाने ‘एकदा मी पण’ म्हणायचं नाही. आमच्याकडे हा नियम सगळ्यांना पाळायला लावते, वाढदिवसालाही.

कागदाचे दोष दोन. तो काळा असतो, म्हणून एप्रिलच्या दुपारी कोरडा भाग तव्यासारखा तापतो. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच खेळ. दुसरा दोष पाण्याचा. तुमच्या नळाखाली 15 लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. मिनिटात भरत असेल तर तासाभरात 900 लिटर जाणार. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात, म्हणजे हे सहा-सात माणसांचं दिवसाचं पाणी झालं. मे महिन्यात गंगापूर धरणाचा साठा रोज पेपरात वाचणाऱ्या गावात मला हे जड जातं. म्हणून कॉक एक चतुर्थांशच उघडतो, खेळ चाळीस मिनिटांत संपवतो आणि पट्टीचं टोक आंबा-चिकूच्या आळ्यांकडे वळवलेलं आहे. त्यासाठीच शॅम्पू किंवा साबण टाकू देत नाही. त्याने झाडांना त्रास, डोळ्यांना झोंब, आणि वर केलेला थांबण्याचा सगळा हिशोब फसतो.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ज्या गुळगुळीतपणाची मुलांना मजा वाटते, तोच शेततळ्यात जीव घेतो. तळ्यात पडलेल्याला त्या कागदावरून वर चढताच येत नाही, पोहता येत असलं तरी. घरी या कागदावर खेळलेल्या मुलाला मामाच्या तळ्याची भीती वाटेनाशी होऊ शकते. आम्ही मुलांना तळ्यावर नेलं, कुंपणाबाहेर उभं केलं, काठावर बांधलेला दोर दाखवला आणि तो कशासाठी आहे ते सांगितलं. तुम्हीही हा कागद घरी आणणार असाल तर हे आधी करा.

तयार घसरगुंडी आणि टब

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी प्लास्टिकची घसरगुंडी चांगली. कडा गोल असतात, उंची मीटरभर, आणि कार्यक्रम संपला की उचलून गच्चीवर ठेवता येते. फरशीच्या छोट्या अंगणातही मावते. दीड मीटर व्यासाच्या टबात वीतभर पाणी भरलं की साधारण 350 लिटर होतं. ते पुन्हा पुन्हा वापरता येतं, त्यामुळे नळ पूर्ण सोडलेल्या पट्टीपेक्षा पाणी कमी लागतं.

आमचा अपघात मात्र याच प्रकारात झाला. घसरगुंडीचे पाय ओल्या फरशीवर होते. थोरल्याने वर बसून जोर लावला तशी ती मागे सरकली, खालचं टोक टबाच्या काठावरून निसटलं आणि त्याची हनुवटी फरशीवर आली. तीन टाके पडले. फुगवलेला काठ मऊ असतो म्हणून मी निर्धास्त होते, पण मऊ काठ दबतो आणि आतलं पाणी बाहेर पडलं की टब सरकतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता पायांखाली रबरी मॅट, पायरीच्या तळाशी वाळूचं पोतं, आणि टब बाजूला, नुसता डुंबायला. घसरगुंडीचं तोंड ओल्या लॉनवर उघडतं. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, म्हणून टब भरलेला असेल तोवर एक मोठं माणूस हातात मोबाइल न घेता तिथेच बसतं. संध्याकाळी टब उलटा करून ठेवायचा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात.

हवेची

वाढदिवसाला एका दिवसासाठी भाड्याने आणायला ठीक, विकत घ्यायला नको. तिला हवा भरणारा ब्लोअर सतत चालू लागतो, म्हणजे ओल्या अंगणात 230 व्होल्टची वायर. ती 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) हवी आणि जोड जमिनीपासून उंच, पाण्यापासून लांब हवा. भाड्याने देणारे सरसकट घरातल्या साध्या बोर्डाला वायर लावून मोकळे होतात, तिथे अडून बसा. दुसरी गोष्ट वारा. ताशी 38 किलोमीटरच्या वर वारा गेला की अशी खेळणी बंद करायची, असा युरोपातला दंडक आहे. आपल्याकडे मेमध्ये वळवाचा पाऊस येण्याआधी धुळीचा लोट उठतो तेव्हा एवढा वारा कधी झाला हे कळतही नाही. आभाळ भरून आलं की मुलं खाली उतरवा, हवा सोडा. सगळ्या कड्या खुंट्यांना बांधलेल्या आहेत का ते स्वतः हाताने ओढून बघा.

लोखंडी सांगाड्यावरची

शेजाऱ्यांनी सातपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपांचा सांगाडा आणि फायबरची पन्हळ करून घेतली. मुलं मोठी असतील, अंगण मोठं असेल आणि पाच-सात वर्षं वापर होणार असेल तरच हा खर्च परवडतो. काम देण्याआधी कागदावर चार मापं लिहून द्या. सरासरी उतार 30 अंशांपेक्षा जास्त नको, म्हणजे 1.2 मीटर उंचीला जमिनीवर किमान 2.1 मीटर लांबी. दोन्ही बाजूंचे काठ निदान 10 सेंटिमीटर. शेवटी किमान 28 सेंटिमीटर आडवा भाग. वरच्या फळीला तिन्ही बाजूंनी कठडा. उतार, काठ आणि शेवटाची ही मापं खेळाच्या मैदानावरच्या कोरड्या घसरगुंडीची आहेत. पाण्याची असेल तर उतार आणखी कमी ठेवा आणि शेवट बराच लांब.

वेल्डिंगवर ग्राइंडर मारलाय असं सांगतात, पण तपासायची युक्ती सोपी आहे. कापसाचा बोळा पन्हळीवरून आणि काठांवरून सावकाश फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे मुलाची कातडी अडकणार. शेजाऱ्यांच्या पन्हळीत खालच्या वळणावर असे पाच-सहा तंतू अडकले होते, तिथे फायबरचे धागे वर आले होते. जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत लेपाचा, दुसरा हात मारून घेतला तेव्हा काम झालं. पाय काळ्या मातीत नुसते पुरले होते, ते एका पावसाळ्यात बोटभर कलले. आता मुरमावर काँक्रीटचे ठोकळे आहेत. पाणी वर चढवायला त्यांनी कूलरचा पंप टबात सोडला होता. मी हात जोडून तो बाहेर काढायला लावला. मुलं असलेल्या पाण्यात विजेचा पंप नको, पंपाची टाकी वेगळी आणि बंद हवी. आता ते गच्चीवरच्या टाकीतून नळी घेतात. वीज नको, आवाज नको, धार बारीक पण पुरेशी.

अंगण सहा मीटरच असेल तर पट्टीही करा, पण ढीग पाव मीटरचाच ठेवा. पाच वर्षांची मुलं त्यावरही तितक्याच जोरात ओरडतात. आमच्याकडे या वर्षी मुरुमाचा ढीग पुन्हा धुमसायचा आहे, आणि दादाला निळ्या बाजूचा कागद मिळतो का ते विचारलंय. काळ्यापेक्षा तो कमी तापला तर संध्याकाळी पाचऐवजी साडेचारला मुलांना सोडता येईल.